दोन वाट्या मीठ

शाळेतली दोनशे मुलं तिला मावशी म्हणायची. सख्खं भाचरू मात्र एकही नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा एकछत्री अंमल होता. डाळीच्या मोठ्या पातेल्यात ती दोन वाट्या मीठ घालायची, तेही शिगोशीग, आणि त्यावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

खरं सांगायचं तर ती चव तिची नव्हतीच. नवऱ्याला मीठ जास्त लागायचं. तो जाऊन सहा वर्षं झाली, पण हाताला कोण सांगणार? घरी एका ताटापुरता आणि शाळेत दोनशे ताटांसाठी ती त्याच्याच जिभेचा स्वयंपाक करत राहिली.

मग आहारतज्ज्ञ बाई आल्या. चष्मा डोक्यावर, हातात वही. डाळीचा एक घोट घेऊन त्यांनी पाणी मागितलं.

"मावशी, एवढं मीठ मुलांना बरं नाही हो. मीठ निम्मं करा, भाज्या दुप्पट."

"आणि मुलं खातील?"

"सवय होते."

मावशीचा पारा चढला. निम्मं तर निम्मं! दुसऱ्याच दिवशी तिने एकच वाटी मीठ घातलं आणि भोपळ्याच्या ढोबळ फोडी डाळीत सोडल्या. मुलांनी फोडी ताटाच्या कडेला लावल्या, डाळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिपायाने उष्ट्याची बादली काट्यावर ठेवली, तर अकरा किलो. बरी जिरली बाईंची, असं मावशीला वाटलं.

पण आठवडाभर बादली तशीच भरली आणि मुख्याध्यापक दारात आले. "मावशी, अन्न असं वाया जाणार असेल तर सत्र संपल्यावर स्वयंपाकघर बंद करू. बाहेरून तयार डबे मागवू."

तिच्या पायांखालची जमीनच सरकली. पगाराचं एक वेळ भागवता आलं असतं. पण मुलं जेवून उठली की ती त्यांच्याच बाकावर ताट घेऊन बसायची, आणि रेंगाळणाऱ्या दोन-चार पोरी शेजारी बडबडत असायच्या. दिवसभरात तिच्याशी कुणी बोलायचं ते तेवढंच.

तिने हट्ट सोडला. भोपळा, गाजर किसून डाळीबरोबर शिजवून घोटायला लागली. मीठ पुन्हा दोन वाट्यांवर नेलं आणि दर सोमवारी त्यातून दोन चमचे कमी करायचे, असं ठरवलं. ते चमचे परत बरणीत टाकताना नवऱ्याच्या ताटातून काढून घेतल्यासारखं तिला वाटायचं. चव नीट लक्षात राहावी म्हणून संध्याकाळीही ती शाळेतलीच डाळ डब्यातून घरी नेऊन खायची.

मुलांना पत्ताही लागला नाही. बादली अकरावरून सहावर आली, मग दोनवर. सत्र संपता संपता एकच वाटी मीठ उरलं. बाईंनी डाळ पुन्हा चाखली आणि या वेळी पाणी मागितलं नाही. स्वयंपाकघर राहिलं.

सुटी लागली. पहिल्या दिवशी मावशीने कित्येक महिन्यांनी घरी डाळ केली, पहिल्यासारखी, त्याच्यासाठी घालायची तेवढं मीठ घालून. पहिलाच घास खारट लागला. दुसरा गिळवेना.

तो गेला तेव्हा घरात माणसं होती, त्यांच्या चहापाण्यात तिचं रडायचं राहूनच गेलं होतं. आता घरात कुणी नव्हतं. ताट पुढ्यात ठेवून ती पोटभर रडली. मग उठली, डाळीत भांडंभर पाणी ओतलं आणि पुन्हा उकळायला ठेवली.