उलटा बाण

आज सकाळी भिंतीवरच्या घड्याळात नवा सेल घातला, तरी काटा हलेना. "अहो, उलटा बसवलात," बायको म्हणाली. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाची ही गत! सेल फिरवला, काटा चालू लागला, आणि मला सुनंदाची प्रयोगवही आठवली.

नववीतल्या या मुलीनं सर्किटच्या आकृतीत प्रवाहाचा बाण ऋण टोकाकडून धन टोकाकडे काढला होता. मी लाल पेनानं लिहिलं, 'बाण उलटा.' ती वही घेऊन स्टाफरूममध्ये आली. "सर, पण तारेतले इलेक्ट्रॉन तर याच दिशेनं जातात ना?"

खरंच होतं ते. विजेची दिशा ठरली, तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हते. पुढे ते सापडले, तेही उलटे जाताना. पण बाण कुणी फिरवला नाही. हे तिला सांगायला किती वेळ लागला असता? तासाची घंटा झाली होती. "पुस्तकात आहे तसा काढ. सही हवी ना?" एवढंच म्हणालो.

बटण दाबताच दिवा लागतो, पण तारेतले इलेक्ट्रॉन मुंगीपेक्षाही सावकाश सरकत असतात. तिचा प्रश्न तसाच सरकत सरकत आज माझ्यापर्यंत आला. माझं उत्तर मात्र तिला त्याच क्षणी पोचलं होतं. तिनं उभ्याउभ्याच बाण खोडला, इतका जोरात, की कागदाला भोक पडलं.

शेजारी तिनं नवा बाण काढला, आणि मी त्या भोकाला लागूनच सही केली.