काखेतली गाठ

बाळाला अंघोळ घालताना माझ्या बोटांना त्याच्या डाव्या काखेत गाठ लागली. बीसीजीची लस त्याच बाजूच्या दंडावर टोचलेली. विठ्ठलवाडीहून आई आलेली, ती म्हणाली, "अगं, लसीने येते कधीकधी. बसेल आपोआप." बसली नाही. फुटली, मग मानेवर दुसरी आली. ताप हटेना.

कळव्याच्या आमच्या डॉक्टरांनी ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. "लसीतले क्षयाचे जंतू दुबळे असतात. पण याच्या अंगात तेच पसरलेत."

"लस खराब होती का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. आपल्या बोनमॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, डेंड्रिटिक नावाच्या पेशी जन्मतात. तिथून कातडीत, फुफ्फुसात जाऊन राहतात. जंतू आला की त्याचा तुकडा उचलून काखेत-मानेत सगळ्यांनाच असणाऱ्या छोट्या गाठींत नेतात, लढणाऱ्या पेशींना दाखवतात. याच्यात त्या बनतच नाहीत. जंतू आत शिरलाय हे लढणाऱ्यांना कळतच नाही."

तेव्हापासून मी दाराच्या कडीला घाबरू लागले. शेजारीण शिंकली तरी खिडकी लावून घ्यायचे. पाच वर्षांच्या मुलीला भावाचा पापा घेऊ देईना.

उपाय एकच होता, दुसऱ्या कुणाचा तरी जुळणारा बोनमॅरो त्याला देणं. आणि तिचाच त्याला जुळला. नवरा आनंदाने रडला. मी मुलीला जवळ ओढलं. भूल देऊन तिच्या कमरेच्या हाडात सुई घालणार होते.

"मम्मी, माझ्यातलं संपेल का गं?"

"नाही गं, परत तयार होतं." डॉक्टरांना पुन्हापुन्हा विचारून घेतलेलं उत्तर होतं ते.

तिला काही झालं नाही. बाळाचा स्वतःचा बोनमॅरो मात्र आधी औषधांनी रिकामा केलेला. बहिणीचा रुजेपर्यंत त्याच्या अंगात लढणारं कुणीच नव्हतं. तो झोपला की मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसायचे.

रुजला. नव्या पेशींत डेंड्रिटिकही दिसल्या. गाठी हळूहळू सुकल्या.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी त्याचं नाक वाहू लागलं, अंग तापलं. मी चपला न घालताच रिक्षात बसले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त पाहिलं आणि हसल्या.

"साधी सर्दी आहे. त्याचं शरीर लढतंय. घरी जा."

मी गेले नाही. ताप उतरेपर्यंत तिथल्याच बाकावर त्याला घट्ट धरून बसले.