अकरा मैल चाललेली गाडी

हे प्रकरण मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण बत्तीस वर्षांच्या नोकरीतलं जे विसरायला हवं, नेमकं तेच लक्षात राहिलं आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीच्या जवळच्या एका लहान गावात मी पोलीस डिटेक्टिव्ह होतो. चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर सोलापूरहून इकडे आलो, तो इथलाच झालो. आमच्या ठाण्यात मराठी येणारा मी एकटा. आसपास पुण्या-मुंबईकडची आयटीतली कुटुंबं वाढू लागली, तशी कुणाचा अपघात असो की शेजाऱ्याशी भांडण, फाइल माझ्याच टेबलावर यायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. त्या अभिमानाची किंमत दुसऱ्यानेच मोजली.

२००५च्या हिवाळ्यात एका पुणेकर इंजिनिअरने गाडी चोरीला गेल्याची तक्रार दिली. चौतिशीचा माणूस, अविवाहित, ग्रीन कार्डचा अर्ज चालू. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. तो ऑफिसात आणि आई शेजाऱ्यांबरोबर मंदिरात गेलेली असताना गराजचं दार उचकटून गाडी नेली होती. गाडी म्हणजे मसल कार: दोन दारं, अवाढव्य इंजिन आणि शेजारच्यांच्या खिडक्या थरथरतील असा आवाज. कंपनीने मोजक्याच काढलेल्या मॉडेलपैकी एक. दोन वर्षांत ती फक्त अकरा मैल चालली होती. सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं, काचेवरचा किमतीचा कागदसुद्धा तसाच होता.

"सर, इट्स नॉट अ कार, इट्स ॲन ॲसेट," तो मला म्हणाला. "सिक्स्टीजच्या मसल कार्सना आज ऑक्शनमध्ये काय प्राइस मिळते बघा. ही वीस वर्षांनी तशीच होणार. म्हणून मी ड्राइव्हच करत नाही यार."

विमाही त्याने संग्राहक घेतात तसला घेतला होता. गाडी सापडली नाही, तर आधी ठरलेली पूर्ण किंमत मिळणार. सापडली, तर फक्त दुरुस्तीचा खर्च. हे मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं.

सात आठवडे काही हाती लागलं नाही. मग एका सकाळी, हजेरी संपून कॉफी ओतत होतो तेव्हा, ठाण्यात फोन आला. नाव न सांगणारा एक कारागीर म्हणाला, आमच्या गराजमध्ये आलेल्या एका गाडीच्या चेसिस नंबरच्या पट्टीचे रिव्हेट, म्हणजे ती बसवायचे खिळे, नवे दिसतात. वॉरंट काढून आम्ही गेलो. मॉडेल तेच होतं. काळ्या गाडीला निळा रंग मारलेला, पट्टी बदललेली, इंजिनावरचा आकडा घासलेला. मीटरवर नऊशेच्या वर मैल.

मालकाला ओळखीसाठी बोलावलं. चोरीला गेलेली वस्तू परत दिसली की माणूस आधी तिला हात लावतो. याने खिशातले हात बाहेर काढले नाहीत. काचेतून वाकून मीटर पाहिलं आणि सरळ झाला.

"नॉट माइन. शंभर टक्के नाही, सर."

तसं त्याने लिहून दिलं, सही केली. तो खोटं बोलतोय हे मला कळलं, पण कळणं आणि सिद्ध करणं यात फरक असतो. घासलेला आकडा ॲसिड लावून वाचता येतो, पण राज्याच्या प्रयोगशाळेत रांग मोठी. साहेब म्हणाले, "अहवाल येईपर्यंत थांबू." मला थांबायचं नव्हतं.

गाडीचा पंचनामा माझ्या सहकाऱ्याने केला होता. डिकीत स्टेपनीच्या खाली त्याला लाल-पिवळे डाग आणि चार तांदूळ सापडले होते. त्याने लिहिलं, 'डाग, बहुधा प्रायमर', म्हणजे रंगाआधीचा थर. मी वाकून पाहिलं. हळदीकुंकवाची बोटं होती आणि अक्षता. रंगाऱ्याचा हात स्टेपनीखाली पोचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, मुलगा ऑफिसात असणार हे ठाऊक असताना, मी त्याच्या घरी गेलो. सहकारी बरोबर होता, पण त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. काकूंनी दार उघडलं. मी "नमस्कार काकू" म्हणताच त्यांचा चेहरा खुलला. दिवसभर त्या घरात एकट्याच. चहा झाला, चिवडा झाला, सोलापूरची चौकशी झाली.

"काकू, त्या गाडीची पूजा केली होती का हो?"

त्या दचकल्या. "त्याला सांगणार नाही ना? तो फार रागावेल. म्हणाला होता, एक डाग पडला तरी व्हॅल्यू जाते. पण नवी गाडी, दसऱ्याला नुसती कशी ठेवायची? तो अंघोळीला गेला तेव्हा मी डिकीत, त्या जादा चाकाखाली, कुणाला दिसणार नाही असं हळदीकुंकू लावलं. चार अक्षता टाकल्या."

"तुम्ही बसलात का कधी गाडीत?"

"छे हो! मंदिरात जायचं तर शेजारच्या मीनलला विचारते. ती गाडी चालवायची नाही ना." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही.

मी डिकीतल्या त्या बोटांचा आणि अक्षतांचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि टाळीच वाजवली. "सापडली? हीच हो! अहो, तो जेवत नाही धड. त्याला आत्ता फोन लावू?"

इथे मी जे केलं ते कायद्यात बसणारं होतं, आणि नीचपणाचं होतं. मी हसून म्हणालो, "आत्ता नको काकू, संध्याकाळी सांगू. आधी एवढं लिहून द्या." त्यांनी वळणदार अक्षरात जबाब लिहिला, खाली सही केली आणि निघताना माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. तो मी गाडीत बसून खाल्ला.

चार वाजता मुलगा चौकशीच्या खोलीत होता. आधी तो वकिलाच्या गोष्टी करत होता. मी जबाब पुढे सरकवला. त्याने मजकूर वाचलाच नाही, फक्त सही पाहिली.

"आईला का आणलंत यात?"

"तुम्ही खरं बोलला असतात तर आणावं लागलं नसतं."

"नऊशे माइल्स, सर. रंग गेला. आता ती जस्ट युज्ड कार आहे. मी काय करायला हवं होतं?" मग त्याने सगळं कबूल केलं. ठाण्यात माझी पाठ थोपटली गेली. चोरही आठवडाभरात सापडले, त्यांची कुणाला आठवणसुद्धा नाही.

दीड महिन्याने प्रयोगशाळेचा अहवाल आला. आकडा स्वच्छ वाचता आला होता. गाडी त्याचीच. म्हणजे काकूंच्या जबाबाची गरजच नव्हती. मुलगा तसाही अडकणार होता, पण आईच्या सहीने अडकला नसता.

विमा कंपनीला फसवू पाहिल्याबद्दल त्याला तुरुंग झाला नाही. नोकरी गेली, ग्रीन कार्डची आशा संपली आणि परत जायची वेळ आली. गाडी जुन्या गाड्यांच्या लिलावात विकली गेली.

निवृत्तीनंतर मी त्या मॉडेलच्या जाहिराती बघतो. जवळपास प्रत्येक मालक तेच लिहितो: कमी चाललेली, प्लॅस्टिक न काढलेली. जुन्या मसल कार लोकांनी दामटल्या, ठोकल्या, गंजवल्या, म्हणून उरल्यासुरल्यांना भाव आला. या गाड्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांनीच झाकून ठेवल्या. मग दुर्मीळ होणार तरी काय? पुढेमागे काहींना भाव येईलही. मला त्यात रस उरलेला नाही.

काकू मला शेवटच्या दिसल्या त्या कोर्टाच्या व्हरांड्यात. मुलगा दुसऱ्या टोकाच्या बाकावर, आईकडे पाठ करून बसला होता. मी जवळ जाऊन "काकू" म्हणालो. त्यांनी वर पाहिलं.

"साहेब, तुम्ही इंग्रजीत विचारलं असतंत, तर मी म्हटलं असतं, मुलाला विचारून सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मराठीत विचारलंत."

एवढं बोलून त्या उठल्या आणि मुलाच्या बाकावर, त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून बसल्या. तो उठून दाराबाहेर गेला.

नोकरीत मी खोटं बोलणाऱ्या पुष्कळांना पकडलं, त्याबद्दल बक्षिसंही मिळवली. माझ्यामुळे खरं बोलून शिक्षा भोगणारी मात्र ती एकटीच.