एकाच रंगाच्या दोन पँटी

शेवटचं रेडिएशन झालं त्या दिवशी संभाजीनगरच्या दवाखान्यातला डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, सुटलात तुम्ही. आता फक्त आराम." वयाने तो माझ्या मुलाएवढा असेल. साडेपाच आठवडे मी जालन्याहून रोज तिकडे जात होतो. तासभर आधी मोजून पाणी प्यायचं आणि तुंबलेल्या मूत्राशयाने त्या मशीनखाली दगडासारखं पडून राहायचं. त्यामुळे 'सुटलात' हा शब्द मला फारच आवडला. पुढच्या आठवड्यात कळलं, सुटली होती ती लघवी.

दिवसातून वीस-बावीस वेळा. लागल्याचं कळेपर्यंत दोन थेंब पुढे गेलेले असायचे. आमच्या घरात बैठकीपासून संडासापर्यंत चौदा पावलं आहेत. मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो, तेहतीस वर्षं अंतरं मोजली, पण इतकं नेमकं अंतर मी नोकरीत कधी मोजलं नाही.

मला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. नात्यात कुणाच्या तोंडात तो शब्द बसेना. एका मावसभावाने, "ती ग्रंथी बायकांना असती ना?" असं विचारून माझ्या ज्ञानात भर घातली. भेटायला येणारे आधी माझे ओठ न्याहाळायचे, मग दबक्या आवाजात विचारायचे, "तंबाखू?" मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. हे ऐकून पाहुणे इतके निराश व्हायचे की मलाच अपराधी वाटायचं. शेवटी बायकोने सगळ्यांना "पोटाचं दुखणं आहे" असं सांगायला सुरुवात केली. पोट सर्वांना असतं. प्रश्न मिटला.

रेडिएशनच्या जोडीला दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन होतं. डॉक्टरांनी मोठ्या उत्साहाने समजावलं होतं की हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर जगतो, म्हणून आपण त्याचं रेशन बंद करायचं. त्याच रेशनवर मीही जगत होतो, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. 'वैवाहिक संबंधां'वर परिणाम होईल, हे वाक्य त्यांनी फाइलमध्ये बघत उरकलं. बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "ते राहू द्या डॉक्टर. ह्यांना भाजी आणायला कधी पाठवता येईल, तेवढं सांगा." डॉक्टर हसले. मीही हसलो.

दुसऱ्या इंजेक्शननंतरची गोष्ट. पौषातली सकाळ होती, चांगलीच थंडी पडली होती. मी स्वेटर घालून पेपर वाचत होतो आणि अचानक छातीतून एक जाळ उठला. मान, कान, कपाळ, सगळं पेटलं. मी स्वेटर काढला, मग शर्ट काढला, पंखा पाचवर केला आणि ओरडलो, "गॅस चालू ठेवलास की काय गं?"

बायको लाटणं घेऊन दारात आली. बनियनवर घामाने निथळणाऱ्या नवऱ्याकडे तिने नीट बघून घेतलं. आणि मग ती हसायला लागली. दुखणं कळल्यापासून पहिल्यांदाच, अगदी पदर तोंडाला लावून.

"झालं का सुरू?" ती म्हणाली.

"काय सुरू?"

"जरा कामात मन गुंतवा. सगळं डोक्यातलं असतं ते."

हे वाक्य माझं होतं. आठ-नऊ वर्षांपूर्वी तिची पाळी जात होती तेव्हा ती अशीच घामाघूम व्हायची, भर थंडीत ओट्याला हात टेकून उभी राहायची. मी चहाची वाट बघत तिला हा मोलाचा सल्ला दिला होता. एकदा नाही, जवळजवळ रोज. तो तिने शब्दनशब्द जपून ठेवला होता, आणि वापरायला तिला यापेक्षा बरी वेळ मिळाली नसती.

थोड्या वेळाने ती ओला पंचा घेऊन आली आणि माझ्या मानेवर ठेवला. "मनगटं गार पाण्याखाली धरा. लवकर उतरतं," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"कोण सांगणार? मीच शोधलं."

मला रडू आलं. त्यात माझ्या पश्चात्तापाचा वाटा किती होता आणि इंजेक्शनचा किती, हे मी सांगू शकत नाही. त्या दिवसांत मी टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीलाही रडायचो. पण तिला म्हणालो, "मी फार चुकलो तेव्हा." ती म्हणाली, "हो," आणि पोळ्या लाटायला गेली. "असू द्या" म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली नाही.

फाल्गुनात तिच्या भाचीचा साखरपुडा निघाला, तीर्थपुरीला. मी येत नाही म्हणालो. ती म्हणाली, "किती दिवस घरात चौदा पावलं चालणार?" म्हणजे तीही मोजत होती.

भाड्याची गाडी केली. ड्रायव्हरला मी पुढच्या सीटवरून सूचना देत होतो: सावकाश, खड्डा, डावीकडून. शेवटी तो वैतागून म्हणाला, "साहेब, ह्या रस्त्याला डावं-उजवं न्हाई, सगळं सारखंच हाये. केला कुणी काय माहीत." त्या तुकड्याचं मोजमाप करून 'काम समाधानकारक' असं लिहून सही करणारा माणूस त्याच्या शेजारीच बसला होता, आणि त्या समाधानाचा एकेक धक्का थेट मूत्राशयात घेत होता.

"थांबवा," मी म्हणालो. गाडी थांबायला जेवढा वेळ लागला तेवढा माझ्याकडे नव्हता. दार उघडून उसाच्या कडेला पोचेपर्यंत काम झालेलं होतं. अंगावर नवी राखाडी पँट होती. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत ज्याच्यापुढे ठेकेदार उभे राहत, तो साहेब ओल्या पँटीने उसाच्या बांधावर उभा होता. आता साखरपुडा नाही, सरळ घरी, असं मी ठरवलं.

बायको मागून आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत पँट होती. राखाडीच. अगदी तशीच.

"दोन घेतल्या होत्या," ती म्हणाली. "रंग वेगळा असता तर तिथं कुणीतरी विचारलं असतं. आता कुणाला कळत न्हाई. जल्दी बदला."

ती उसाकडे पाठ करून, पदर रुंद धरून उभी राहिली. ड्रायव्हर बॉनेट उघडून इंजिनात डोकं घालून बसला. गाडी बंद पडलेली नव्हती. त्या माणसाबद्दल माझं मत तिथेच बदललं.

साखरपुड्यात मी दारालगतची खुर्ची धरली आणि जेवणं होईपर्यंत चारदा उठलो. हिचा एक चुलतभाऊ वाटूरहून आला होता. शेती बघणारा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, मोठ्या आवाजाचा माणूस. तो माझ्यावर नजर ठेवून होता. पाचव्या वेळी तो मागोमाग आला आणि हात धुवायच्या टाकीजवळ त्याने मला गाठलं.

"दाजी, तुमालाबी ते हाये का?" एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस कुजबुजत होता.

"काय ते?"

"पाण्याचं. सारखं जावं लागतं. मी वर्षापासून सोसून राह्यलो. मागल्या महिन्यात दोनदा लाल आलं."

"घरी सांगितलं?"

"काय सांगावं? उन्हाळी लागली म्हनलो. धन्याचं पाणी पेऊन राह्यलो."

पोटाचं दुखणं आहे, असं मलाही सांगता आलं असतं. सवय झाली होती. पण त्याचे डोळे इतके घाबरलेले होते की मी सगळं सांगितलं. रक्ताच्या तपासणीपासून उसाच्या बांधापर्यंत, पँटीसकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मर्दानगीचं कसं?"

"सध्या सुट्टीवर आहे."

तो आधी हसला, मग टाकीच्या कठड्यावर बसून राहिला. "एकट्यानं जायाला भ्याव वाटतं, दाजी," तो म्हणाला.

त्या आठवड्यात मी त्याला घेऊन संभाजीनगरला गेलो. आम्ही दोघे मिळून वाटेत सात ठिकाणी थांबलो. तपासण्या झाल्या, बायोप्सीसाठी तुकडाही काढला. पंधरा दिवसांनी निकाल आला: कॅन्सर नाही, ग्रंथी साधीच वाढलेली. गोळ्या सुरू झाल्या. फोनवर तो रडत होता आणि मला मनापासून आनंद झाला. खरं सांगायचं तर हेवाही वाटला. आम्ही दोघे एकाच टाकीवर हात धुवून निघालो होतो, आणि तो पास झाला होता.

त्या आनंदात त्याने माझी कहाणी सगळ्या वाटूरला सांगून टाकली. पँटीसकट. मी संतापलो, फोन करून त्याला नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "दाजी, तुमचं नाव घेतल्याबिगर कोण माझं ऐकतंय?"

मग फोन सुरू झाले. अनोळखी माणसं आधी पाऊस, सोयाबीन, तब्येत असं सगळं फिरून येतात आणि मग आवाज खाली करून विचारतात. मी सरळ शब्दांत सांगतो. बायको म्हणते, नोकरीत असताना लोकांची कामं एवढ्या तत्परतेने केली असती तर बरं झालं असतं. तिचं बरोबर आहे.

शेवटचं इंजेक्शन होऊन आता आठ महिने झाले. पीएसए, म्हणजे रक्तातला तो कॅन्सरचा आकडा, खाली आहे, डॉक्टर खूश आहेत. अंगातला जाळ अधूनमधून येतो. रात्रीच्या जेवणानंतर मी आणि ती कॉलनीत एक चक्कर मारतो, न थांबता. परवा चालताना तिने माझा हात धरला. मला वाटलं तिला ठेच लागली. लागली नव्हती.