मार्लिसची ओल्गा

व्हर्ना टॉलफसनने एकतीस वर्षं अमेरिकेतल्या डलूथ गावी टपाल कचेरीत पत्रं निवडली. निवृत्तीनंतर चार लोकांत तिचा मान राहिला तो दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीमुळे. बाहेर गावालगतचं सरोवर गोठलेलं असताना तिच्या घरात जिवंत प्रवाळ फुलायचं. या छंदाच्या लोकांचं मंडळ दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिच्याकडेच जमायचं, आणि तिथे तिचाच शब्द शेवटचा.

समोरच्या घरातली मार्लिस होकान्सन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती व्हर्नाचीच चेली. पाण्यात मीठ किती, दिवा किती तास, सगळं व्हर्नाने शिकवलेलं. एका ऑक्टोबरात मार्लिसने ओल्गाला आणलं. बिनशंखाची, बोटभर समुद्री गोगलगाय. अंग हिरवंगार, पाठीवर लेट्यूसच्या पानासारख्या चुण्या, चुण्यांना निळी-केशरी किनार. शेवाळ खायची आणि दिव्याखाली पसरून पडायची.

"व्हर्ना, चल लवकर! अंडी घातलीत गं तिने!"

"घालतात. त्यात काय एवढं? जगत नाहीत ती पिल्लं."

पाच-सहा जगली. मग गुरुवारची बैठक मार्लिसकडे गेली. "चेली गुरूच्या वरचढ निघाली की!" मंडळातला म्हातारा ऑर्विल म्हणाला. सगळ्यांबरोबर व्हर्नाही हसली, पण केक तिने अर्धाच टाकला. घरी येऊन तिने स्वतःच्या टाकीकडे पाहिलं. ती तिला पहिल्यांदाच भकास वाटली.

जानेवारीत मार्लिसची मुलगी फार्गोला बाळंत झाली. निघताना मार्लिसने किल्ली व्हर्नाच्या हातात ठेवली.

"तुझ्याशिवाय कोणाच्या भरवशावर सोडू? पंपाच्या तोंडावरचा स्पंज तेवढा धुऊन परत बसव हं. नाहीतर ओल्गा आत ओढली जाईल."

"मला शिकवतेस होय?" व्हर्ना म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिने स्पंज काढून धुतला, पिळला. नळाच्या वर मंडळाचा फोटो लावला होता. मध्यभागी मार्लिस, आणि व्हर्ना कडेला, अर्धी कापलेली. ती बराच वेळ फोटो बघत राहिली. मग स्पंज तिथेच ओट्यावर ठेवून, दार ओढून घरी आली. कॉफी ओतली. विसरले म्हणेन, माणूस विसरतो. अर्धा कप संपायच्या आत ती कोट न घालताच बर्फातून धावत सुटली. पण पंपाच्या तोंडाशी नुसत्या हिरव्या चिंध्या हलत होत्या.

तिने फोन लावला. "मार्लिस, अगं... स्पंज लावायला विसरले मी. ओल्गा गेली."

पलीकडून मार्लिस म्हणाली, "रडू नकोस. तू का मुद्दाम केलंयस?"

परत आल्यावर मार्लिसने जॅमच्या बरणीत एक पिल्लू आणून दिलं. "ठेव तुला. किती मनाला लावून घेतलंस!"

व्हर्नाच्या टाकीत ते पिल्लू आईपेक्षा देखणं झालं. एप्रिलमध्ये बैठक पुन्हा तिच्याकडे आली. "शेवटी गुरू तो गुरूच," ऑर्विल म्हणाला. मार्लिस स्वयंपाकघरात कप विसळत होती. हवं ते सगळं मिळालं होतं, तरी व्हर्नाचा पाय दिवाणखान्यात ठरेना. ती आत गेली.

"मी विसरले नव्हते."

मार्लिसने नळ बंद केला. "म्हणजे?"

"स्पंज धुतला आणि मुद्दाम ओट्यावर ठेवून आले. सगळे तुझ्याकडे जायला लागले, ते मला बघवेना."

मार्लिसने हात पुसले. "मला वाटायचं, माझं सगळ्यात जास्त कौतुक तुलाच असेल," एवढंच म्हणाली, आणि कोट घेऊन मागच्या दाराने निघून गेली.

पिल्लू तिने परत मागितलं नाही. रस्त्यात भेटली की मान हलवते, बोलत नाही. हल्ली दोन नव्या मुली तिच्याकडे शिकायला येतात. संध्याकाळी समोरच्या खिडकीत टाकीच्या निळ्या उजेडात तीन डोकी वाकलेली दिसतात, हसण्याचा आवाज येतो, आणि व्हर्नाला ते अजूनही बघवत नाही. ती पडदा ओढून घेते. थोड्या वेळाने पुन्हा बाजूला सारते.