फौजदाराने नापास केलेल्या वस्तू

मुरबाडहून म्हशाकडे निघालं की वाटेत एक फाटा आत वळतो. त्या फाट्याच्या शेवटी उंबरपाडा. सत्तर घरं, एक हापसा, एक समाजमंदिर आणि एक कुत्रा. तसे कुत्रे पुष्कळ आहेत, पण पाड्यात नुसतं 'कुत्रा' म्हटलं तर धाऊचा फौजदारच समजायचा. गेल्या चार वर्षांत पाड्यात जी जी नवी वस्तू आली, ती आधी धाऊच्या अंगणात आली, फौजदाराने तिला पाहिलं आणि मगच ती मालकाच्या घरात गेली. किंवा नाही गेली.

धाऊ पंचावन्नचा. अडीच एकर भातशेती, दोन बैल, एक कालवड. अंगाने किरकोळ. जन्मात त्याला कुणी सल्ला विचारला नव्हता. समाजमंदिरात बैठक असली की तो खांबाला टेकून बसायचा आणि त्याने बोलायला तोंड उघडलं की नेमका चहा यायचा. घरीही तीच गत. बायको सकुबाई भाताचं बियाणं ठरवायची, मुलगी मनस्वी मोबाइलचा रिचार्ज ठरवायची, आणि धाऊ 'बरं' म्हणायचा. असा माणूस एका कुत्र्यामुळे खांबापासून उठून खुर्चीवर कसा गेला, ते सांगण्यासारखं आहे.

फौजदार हे नाव धाऊने कौतुकाने ठेवलं होतं. पिल्लू असताना त्याने एका मांजरीला भुंकून अंगणाबाहेर काढलं होतं. त्यानंतर त्याने कुणाला बाहेर काढल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही. दिसायला मात्र भरदार. तांबूस रंग, रुंद छाती, कान उभे. अनोळखी माणूस त्याला पाहून रस्ता बदलायचा, आणि त्याच वेळी फौजदारही बदलायचा.

चार वर्षांपूर्वी धाऊने पाणी साठवायला मुरबाडच्या बाजारातून निळा प्लास्टिकचा ड्रम आणला. फौजदाराने ड्रम पाहिला, शेपूट पोटाखाली घातलं आणि गोठ्यामागच्या पेंढ्याच्या गंजीत जाऊन घुसला. बाहेर फक्त नाक. तीन दिवस अंगणात पाऊल नाही. चौथ्या दिवशी धाऊ वैतागला. "अरे, रिकामा हाय रे तो, बघ!" म्हणत त्याने ड्रम आडवा केला, आणि ड्रमाखाली वेटोळं घालून बसलेली घोणस फुस्सकन फुत्कारली.

सर्पमित्राला फोन गेला. त्याने घोणस बरणीत घालून नेली. तोवर सगळा पाडा जमला होता. शेजारचा रामू सगळ्यांत पुढे.

"कुत्र्याला कळलेलं!" रामू म्हणाला. "आपल्याला दिसत नाय ते त्याला दिसतं. बरोबर ना, धाऊदादा?"

पन्नास माणसं धाऊकडे बघत होती. चहा येत नव्हता. धाऊने घसा साफ केला आणि म्हणाला, "फौजदार उगाच घाबरत नाय."

घोणस गेल्यावरही फौजदार पुढचे आठ महिने त्या ड्रमाजवळ फिरकला नाही, हे पाड्यात कुणी मोजलं नाही. धाऊच्या लक्षात आलं होतं. मनस्वीच्याही आलं होतं, कारण त्या आठ महिन्यांत गंजीपाशी भाकरी नेऊन द्यायचं काम तिच्याकडे होतं. पण धाऊने तो विषय काढला नाही आणि मनस्वीने बापाची ऐट मोडली नाही.

मग लोक वस्तू आणू लागले. धाऊने हळूहळू शास्त्रच बसवलं. कान पडले तर पहिली पायरी: वस्तू घ्यावी, पण जपून वापरावी. शेपूट पोटाखाली गेलं तर दुसरी पायरी: वस्तू काही दिवस घराबाहेर ठेवावी. गंजी गाठली तर तिसरी पायरी: वस्तू परत करावी. अंगणात एक खुर्ची कायमची मांडली गेली. तिच्यावर बसून, डोळे बारीक करून धाऊ निकाल सांगायचा. बदल्यात चहा, कधी एखादा नारळ.

रामूची नवी छत्री फटकन उघडली आणि तिसऱ्या पायरीत गेली. रामू ती घेऊन दुकानात परत गेला. दुकानदाराने काडी न् काडी तपासली. "खराबी काय हाय यात?" रामू म्हणाला, "आमच्या कुत्र्याला पसंत नाय." ते पावसाळ्याचे चार महिने रामूने डोक्यावर खताची गोणी घेऊन काढले, आणि वीज पडून मेलो नाही ते फौजदारामुळे, असं तो अजून सांगतो.

ताराबाईचा फ्रीज दुसऱ्या पायरीत अडकला. तो पंधरा दिवस पडवीत गोधडी पांघरून उभा होता, आजारी पाहुण्यासारखा. ग्रामपंचायतीने हिरवा आणि निळा असे दोन कचऱ्याचे डबे बसवले. फौजदाराने दोन्ही नापास केले. तेव्हापासून डबे स्वच्छ आहेत, कचरा त्यांच्या आजूबाजूला असतो. भरीला भर फरशी पुसायचा मॉप, फुगे, प्रेशर कुकरची शिट्टी, आणि कोणीतरी वाळत घातलेला रेनकोट. एक माणूस मात्र फौजदाराने झटक्यात पास केला. गॅसची तपासणी करायला म्हणून आला होता. फौजदाराने त्याचे पाय चाटले. तो जाताना ताराबाईची कोंबडी घेऊन गेला. धाऊने क्षणभर विचार करून सांगितलं, "त्या कोंबडीतच रोग असणार. गेली ते बरं." ताराबाईने मान डोलावली आणि नजर उतरवायला मीठमोहऱ्या मागवल्या.

यंदाच्या पौषात म्हशाच्या जत्रेत धाऊने एक चूक केली. बैलांच्या साजाच्या दुकानात त्याला एक पट्टा दिसला. वासराच्या गळ्यासाठी केलेला, लाल गोंड्यांचा, मधोमध पितळेची घंटा. एवढा मानाचा कुत्रा आणि गळ्यात सुतळी, हे धाऊला शोभेना. घरी येऊन त्याने पट्टा फौजदाराच्या गळ्यात बांधला. फौजदाराने मान हलवली. घंटा वाजली. फौजदार दचकून पळाला. घंटा मागोमाग पळाली. तो जितका जोरात पळे तितकी ती जोरात वाजे. तीन शेतं, एक ओढा आणि ताराबाईचं वाल लावलेलं वावर पार करून तो दुपारी लोळागोळा होऊन परत आला, तेव्हा गोंडे गेले होते, घंटा शाबूत होती.

"अवो," सकुबाई पट्टा सोडवत म्हणाली, "आता काय स्वतःलाच नापास करतो काय तुमचा फौजदार?"

"पितळ खोटं असंल," धाऊ म्हणाला. पट्टा कालवडीच्या गळ्यात गेला.

आणि मग मनस्वीच्या लग्नाचं ठरत आलं. मनस्वी तेवीसची, मुरबाडच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. मैत्रिणीच्या लग्नात तिने ओमकारला पाहिलं, ओमकारने तिला. तो भातसानगरला धरणावर कामाला. दोघांचं फोनवर सगळं बोलून झालं होतं. मोठ्यांनीही मग आपणच स्थळ शोधलं असं दाखवत होकार दिला होता. फक्त पाहुण्यांनी घर बघायचं आणि सुपारी फोडायची बाकी होती. पौष सरल्यावरचा पहिला रविवार ठरला.

सकाळी सकुबाई म्हणाली, "कुत्र्याला आज रामूकडं बांधा."

"फौजदाराला बांधायचा? अगो, पाव्हणं त्याचं नाव ऐकून हायेत!"

"नाव तुमीच सांगितलं ना फोनवर?"

"मग खोटं सांगितलं काय?"

सकुबाई पोह्यांना फोडणी घालायला गेली. धाऊने खुर्ची पुसली.

पाहुणे अकराला आले. पुढे जीप, तीत ओमकारचा बाप ज्ञानेश्वर आणि चार नातेवाईक. मागे मोटारसायकलवर ओमकार. डोक्यावर काळं हेल्मेट, त्याची काच खाली ओढलेली, अंगात अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट. अंगण बघ्यांनी भरलं होतं. ओमकार गाडीवरून उतरला, मिठाईचा बॉक्स हातात घेतला आणि दोन पावलं पुढे आला.

फौजदाराने त्याला पाहिलं. कान पडले. शेपूट पोटाखाली गेलं. मग घशातून असा काही सूर काढला, जो धाऊने ड्रमानंतर ऐकला नव्हता, आणि सकुबाईची रांगोळी पुसत, तुळशीला वळसा घालत त्याने गंजी गाठली.

अंगणातल्या सगळ्या माना गंजीकडे वळल्या. छत्री परत केल्यापासून रामूला गप्प बसणं जमत नव्हतं. तो हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तिसरी पायरी."

"माझ्या फ्रीजला पण दुसरीच होती गो," ताराबाई शेजारणीला म्हणाली.

"कसली पायरी?" ज्ञानेश्वरने विचारलं.

रामूने सांगितलं. अगदी अभिमानाने, घोणशीपासून कचऱ्याच्या डब्यांपर्यंत. ज्ञानेश्वर आधी हसला. मग त्याने आजूबाजूला बघितलं. कुणीच हसत नव्हतं. त्याचंही हसू गेलं.

"म्हणजे आमचा पोरगा नापास?"

"आमी नाय, कुत्रा बोलतो," रामू म्हणाला.

ज्ञानेश्वरने समोरच्या पाटावरची सुपारी उचलून सोबतच्या माणसाच्या हातात दिली. "धाऊशेट, आमी पोरगा दाखवायला आलो. कुत्र्याकडून पास करून घ्यायला नाय. चला रे."

ओमकारने हेल्मेट काढून गाडीच्या सीटवर ठेवलं होतं. घामाने केस चिकटलेले. तो बापाकडे बघे, दाराकडे बघे. दारात मनस्वी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला नाही, रडली नाही. धाऊकडे सरळ बघून एवढंच म्हणाली, "बाबा, ड्रमाचं सांगा."

चार वर्षं धाऊ या खुर्चीत बसला होता. खाली उतरायचं म्हणजे परत खांबाला टेकायचं, परत तोंड उघडलं की चहा. पाड्यातली सगळी तोंडं त्याच्याकडे वळलेली, निकालाची वाट बघत. 'विघ्न टळलं' म्हटलं तरी पटलं असतं. पण पोरगी ट्रे घेऊन अजून दारातच उभी होती, आणि पोहे निवत होते.

धाऊ उठला. चालत मोटारसायकलपाशी गेला. हेल्मेट उचललं आणि आपल्या टोपीवरच चढवलं. ते अर्ध्यात अडकलं. ओमकारने पुढे होऊन टोपी काढून घेतली, हेल्मेट नीट बसवलं, न सांगता आपलं पिवळं जाकीटही त्याला चढवलं. मग धाऊ काच खाली ओढून गंजीकडे निघाला.

"ये रे फौजदारा, ये," हेल्मेटाच्या आतून घुमलेला आवाज आला.

गंजी हलली. फौजदार पलीकडच्या बाजूने बाहेर फुटला, बांधावर जाऊन उभा राहिला आणि ज्याने सकाळी स्वतःच्या हाताने भाकरी घातली होती त्या माणसावर जीव खाऊन भुंकू लागला. धाऊ एक पाऊल पुढे, तो दोन पावलं मागे.

धाऊने काच वर केली. "बघा! मी बी नापास! कुत्र्याला काय बी दिसत नाय. भित्रा हाय तो. घोणस गेली तरी आठ महिनं ड्रमाला घाबरत होता. मला माहीत होतं. मी बोललो नाय."

रामूला ते सहन होईना. "पण दादा, तुझ्यात बी काय असंल तर..."

"असंल ना!" सकुबाई चुलीपासून कडाडली. "तीस वर्सं सांगत आलेय मी. पण ह्यांना परत कुठं करू? पावती नाय माझ्याकडं!"

पहिला हसला तो ज्ञानेश्वर. मग जीपमधली माणसं, मग सगळं अंगण. ताराबाईला मात्र आत्ता उमगत होतं. "म्हंजे माझा फ्रीज?"

"चांगला होता फ्रीज, ताराबाई."

"पंधरा दिवस गोधडी घातली मी त्याला!"

"आन् माझी छत्री?" रामू केविलवाणा झाला.

"छत्री बी," धाऊ हेल्मेटातून म्हणाला. ते आता निघत नव्हतं. ओमकारने हनुवटीखालचा पट्टा सोडवला, ज्ञानेश्वरने हेल्मेट दोन्ही कानांपाशी धरून ओढलं, आणि अशा रीतीने दोन्ही व्याही पहिल्यांदा एकमेकांच्या इतके जवळ आले. सुपारी परत पाटावर आली आणि फुटली. पोहे गारच खाल्ले गेले.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात कुणी काही आणेना. समाजमंदिरात धाऊ खांबापाशी बसला आणि लग्नाच्या मांडवाबद्दल बोलायला तोंड उघडताच चहा आला. तो त्याने पिऊन टाकला. कचऱ्याच्या डब्यांत एक-दोन पिशव्या दिसू लागल्या. रामूने छत्री घेतली, पण कडक उन्हातही मिटूनच नेतो.

लग्नाआधी ओमकार दोन-तीनदा येऊन गेला. वेशीवर जांभळाचं झाड आहे. तो तिथे गाडी थांबवतो, हेल्मेट आणि जाकीट फांदीला अडकवतो आणि उरलेली वाट पायी येतो. गळ्यात घंटा असलेल्या कालवडीला लांबून वळसा घालत फौजदार त्याच्यासमोर जातो, हात हुंगतो, आणि त्याच्या मागोमाग शेपूट हलवत अंगणात येतो.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा धाऊ ओट्यावर वाल सोलत बसला होता. त्याने डोळे बारीक केले.

"पोरगं चांगलं हाय गो," तो सकुबाईला म्हणाला.

"हाय ना."

धाऊने दोन शेंगा सोलल्या. तिसरी हातातच राहिली. मग त्याच्याने राहवेना.

"नाय, म्हंजे बघ, फौजदारानं पास केला त्याला."

सकुबाईने सूप उगारलं. ते पाहून फौजदार गंजीकडे पळाला, आणि त्याच्या मागोमाग धाऊ.