रूपाची पावडर
मुकुंदवाडीत रूपा ब्लाउज शिवायची. दिवसभर मशीनवर बसून अंग सुटलं होतं, जिना चढली की धाप लागायची. एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तिनं शेवग्याच्या पाल्याची पावडर सुरू केली. सोबत रात्रीचा भातही सोडला. उन्हाळा सरेपर्यंत तिचेच ब्लाउज तिला ढगळ व्हायला लागले. गल्लीतल्या बाया विचारायच्या, तेव्हा ती पावडरीचं सांगायची, भाताचं राहून जायचं. पुढं ती कंपनीकडून डबे मागवून स्वतःच विकू लागली. डब्यावर छापलेलं असायचं: वजन आणि रक्तदाब, दोन्ही आटोक्यात.

सासूला, कडूबाईला, बीपीची गोळी चालू होती. सुनेचं बघून तीही कोमट पाण्यात चमचाभर पावडर घ्यायची. गोळी तिनं कधी बंद केली, ते घरात कुणाला कळलं नाही.

एका सकाळी चहा पिताना तिच्या हातातून कप निसटला. तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. रूपानं शेजारच्या संघपालला हाक मारली आणि त्याच्या रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. वेळेत पोचल्यामुळं जीव वाचला. डाव्या हातात मात्र जोर राहिला नाही.

कडूबाईला बोलता यायला लागल्यावर गोळी बंद असल्याचं तिच्याकडूनच कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळी का सोडली?"

"झाडपाल्याचं औषध घरातच होतं की," कडूबाई म्हणाली. "माझी सून लोकायला देते. मला काय वाईट देईल व्हय?"

रूपा खाटेपाशीच उभी होती. तिनं मान खाली घातली.

घरी आल्यावर ती डबे घेतलेल्या बायांच्या दारोदार फिरली. "पावडर घ्या नायतर फेकून द्या, पण बीपीची गोळी सोडू नका." बहुतेकींनी ऐकून घेतलं. लीलाबाईनं मात्र गोळी सोडलेली होती. ती भडकली.

"इकताना का नाय सांगितलंस?"

"सुचलंच नाय मला," रूपा म्हणाली. "चला, आत्ताच दवाखान्यात जाऊ."

लीलाबाईनं दार लावून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी ती मुलासोबत दवाखान्यात जाऊन आली, असं रूपाच्या कानावर आलं.

उरलेले डबे रूपानं कंपनीला परत पाठवले. आता सकाळी ती सासूच्या उजव्या हातावर गोळी ठेवते आणि गिळेपर्यंत थांबते. कडूबाई अजून मधूनच विचारते, "ती पावडर हाय का गं? पोट लई साफ व्हायचं."

"नाय आत्या, बंद केलं ते," रूपा म्हणते आणि मशीनवर जाऊन बसते.